मूल सांभाळणारे घर : नांदेड-लातूरमधील घरगुती पाळणाघरांची पूर्वपीठिका

एखाद्या बाईने आपल्या राहत्या घरात, महिन्याला ठरलेल्या पैशांवर, इतरांची लहान मुले दिवसभर सांभाळली की त्याला घरगुती पाळणाघर म्हणतात. मुले चार-पाच असतात, फार झाली तर दहा-बारा. दारावर पाटी बहुधा नसते. एका शेजारणीने दुसरीला सांगावे आणि त्या ओळखीवर मूल यावे, अशी या कामाची रीत आहे. नांदेड आणि लातूर या शहरांत नोकरदारांच्या वसाहती वाढल्या तशी ही सोयही वाढली. शाळा, दवाखाना, कारखाना यांची सरकारदरबारी कुठे ना कुठे नोंद होते. मूल सांभाळणाऱ्या घराची तशी नोंद होत नाही, त्यामुळे त्याचा इतिहास सलग लिहिलेला सापडत नाही. तो शेतीच्या रिवाजांतून, दुष्काळी कामांवरून, भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून आणि कामगार कायद्यांच्या कलमांतून गोळा करावा लागतो. तसा तो गोळा केला की एक गोष्ट ठळक होते. या भागात लेकराची सुरक्षितता पिढ्यान्‌पिढ्या दहा जणांच्या नजरेवर अवलंबून होती. ती नजर हटली, पण तिच्या जागी नियम येईपर्यंत फार काळ गेला, आणि घरापुरते तर ते अजूनही पुरते आलेले नाहीत.

निजामाच्या राज्यात नांदेड हा जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. दोन्हीकडे शेतीवर पोट असलेल्या घरांत तान्हे मूल वावरात नेण्यावाचून गत्यंतर नसे. जुने लुगडे चौघडी करून बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला बांधायचे, की झोळी तयार. झोळी जमिनीपासून हातभर वर असली की विंचू-काट्याची भीती कमी होते, आणि कपड्याच्या दोन्ही कडा मिटल्यामुळे माश्या व ऊन यांपासूनही आडोसा मिळतो. धोकाही तिथेच होता. कापड जीर्ण असले तर ते फाटे, आणि मूल बसायला लागल्यावर झोळीतून तोल जाई. म्हणून मूल रांगू लागले की झोळी सुटे आणि राखणीला कुणीतरी बसवावे लागे. हे कुणीतरी म्हणजे खुरपणीला वाकणे न जमणारी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची थोरली बहीण. आखाड्यावर चार घरची लेकरे एका म्हातारीपुढे खेळत आणि त्या बदल्यात तिला भाकरी-कोरड्यास मिळे, कधी सुगीत पायलीभर ज्वारी. आजच्या घरगुती पाळणाघराचा सगळ्यात जुना पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची सवय मराठी लेखनाला आहे. ती थोडी आवरायला हवी. मूल शांत राहावे म्हणून त्याला अफू देण्याची चाल देशात सर्रास होती. १८९३ मध्ये नेमलेल्या रॉयल ओपियम कमिशनपुढच्या साक्षींमध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या तान्ह्या मुलांना अफू दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची मुले अफूच्या बाळगोळीवर दिवसभर झोपवली जात, हेही १९२० च्या दशकातल्या पाहणीत नोंदले गेले. आई कामावर आणि मूल गुंगीत, ही सोय गरिबीने शोधलेली होती. कधी गोळी थोडी मोठी होई आणि मूल परत उठत नसे. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी, बाजेखालचे निखारे, चुलीवरचे आधणाचे पाणी यांनी भाजलेली मुले तर घरोघर होती. सटवाईला पुजले, कपाळाला तीट लावली, गळ्यात काळा दोरा बांधला, की रक्षणाचे बरेचसे काम झाले असे मानले जाई. बालमृत्यू इतके नेहमीचे होते की अपघात आणि आजार यांचा हिशेब वेगळा ठेवण्याची कुणाला गरजच वाटली नाही.

देशमुख, देशपांडे, जहागीरदार यांच्या वाड्यांत चित्र निराळे होते. तिथे मूल सांभाळायला दाई असे, हैदराबादी वळणाच्या मुसलमान घरांत दूध पाजणारी अन्ना असे. ही माणसे पगारी क्वचितच असत. बहुतेक पिढीजात आश्रित, जुनी कुळे किंवा वेठीने आलेली असत. त्यांच्या ताब्यात मूल असे, पण त्यांचा स्वतःचा शब्द वाड्यात चालत नसे. मुलाला इजा झाली तर दोष दाईचा, मूल धडधाकट वाढले तर पुण्याई घराण्याची. कामाला मान नाही आणि जबाबदारी मात्र पूर्ण, हा हिशेब आजच्या पाळणाघरवालीपर्यंत जसाच्या तसा उतरला आहे. वाड्याची एक बाजू मात्र खरोखर मुलांच्या हिताची होती. चौक मध्ये, भोवती सोपे आणि प्रत्येक सोप्यावर कुणीतरी निवडत-टिपत बसलेले. मूल आडाकडे वळले तर चौघींच्या तोंडून एकदमच हाक निघे.

थोरल्या बहिणीकडे मूल सोपवण्याची किंमत मुलींनी शाळा सोडून चुकवली. मराठवाड्यात ही गोष्ट फार उशिरापर्यंत दिसत राहिली. नांदेड जिल्ह्याच्या किनवट-मुखेड भागातले तांडे, लातूरचे अहमदपूर-जळकोट हे डोंगराळ तालुके इथे धाकट्याला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी असलेली मुलगी गुरुजींच्या ओळखीची असे. तिला आत बसवले तर कडेवरचे रडे, न बसवले तर ती दुसऱ्या दिवशी येत नसे. या प्रश्नाचे उत्तर मराठी शिक्षणविचारात आधीच दिले गेले होते, फक्त ते महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे, आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. घराचे अंगण ही मूल सांभाळण्याची जागा होऊ शकते, त्यासाठी इमारत लागत नाही, हा विचार महाराष्ट्रात रुजला तो तिथून. मराठवाडा तोवर हैदराबाद संस्थानातून बाहेर पडून, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात येत होता. बोर्डीचा विचार नांदेड-लातूरला पोचायला आणखी वीस वर्षे लागली आणि तो पोचला तेव्हा सरकारी योजनेच्या कपड्यांत होता.

मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ पडला. मूल सांभाळण्याच्या इतिहासात त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी कुणी दिलेली नाही. मराठवाड्यातल्या गावांतून बायका-माणसे खडी फोडायला, नाला बांधायला, पाझर तलावाची माती उपसायला निघाली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामावर निम्म्याच्या आसपास बायका असत आणि त्यांच्याबरोबर मुले असणारच. उन्हात खडीच्या ढिगाशेजारी कापडाचा आडोसा करून लेकरे झोपवली जात. सुकडी वाटली जाई ती खाऊन मोठी मुले धाकट्यांना सांभाळत. हातोड्याने उडालेली कपची डोळ्यात जाणे, खाणीच्या कडेवरून घसरणे, टँकरमागे धावणे हे तिथले नेहमीचे धोके. कामावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी सावलीची जागा हवी, हे त्यामुळे कायद्यात आले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत तर नेमके लिहिले गेले: सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले कामावर असतील तर त्यांच्याकडे बघायला एका बाईला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे या भागातल्या बाईला सरकारने स्पष्ट सांगितले ते या तरतुदीतून. प्रत्यक्षात मस्टरवर तिचे नाव येणे आणि तिने खरोखर मुलांजवळ बसणे या दोन गोष्टी क्वचितच एकत्र झाल्या.

कारखान्यांचा कायदा याहून जुना. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४८ व्या कलमाने पन्नासहून जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. नांदेडमध्ये निजामी काळातली उस्मानशाही मिल होती, तीच पुढे राष्ट्रीयीकरणानंतर टेक्सटाईल मिल म्हणून ओळखली गेली. पण सूतगिरण्यांमधल्या बायकांची संख्या देशभर घटतच गेली, आणि बायका कमी ठेवल्या की पाळणाघराची जबाबदारी टळते, हे मालकांना कळायला वेळ लागला नाही. लातूरची गोष्ट वेगळी. १९१७ मध्ये आखलेल्या गंजगोलाईभोवती वाढलेली ही बाजारपेठ डाळ मिलसाठी प्रसिद्ध झाली. तूर निवडणे, चाळणे, पोती शिवणे ही कामे बायका करतात, पण मिल छोट्या आणि त्यातल्या बायका दहा-वीस. कायद्याने आखलेल्या रेषेच्या त्या कायम खालीच राहिल्या. त्यांची मुले मिलजवळच्या वस्तीतल्या कुणा म्हातारीकडे राहत, आणि तो व्यवहार रोजच्या पाच-दहा रुपयांत तोंडी ठरे.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत अंगणवाडी गावोगाव आली. नांदेड-लातूरच्या खेड्यांत मूल सांभाळण्याच्या कामाला नाव, रजिस्टर आणि वजनकाटा अंगणवाडी सेविकेने दिला, हे निर्विवाद. लसीकरणाचे कार्ड, वाढीचा तक्ता, कुपोषणाची श्रेणी हे शब्द घराघरांत तिच्यामुळे गेले. पण अंगणवाडी चार-पाच तासांची. ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याखालच्या मुलाच्या आईला शिधा घरी नेता येतो, मूल तिथे ठेवता येत नाही. सोयाबीन काढणीचे गुत्ते घेतलेली बाई सकाळी सातला वावरात जाते आणि दिवेलागणीला परतते. तिला अंगणवाडीचा उपयोग अर्धाच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा प्रश्न तर त्याहून बिकट. ही घरे दिवाळीनंतर पाच-सहा महिने गाव सोडतात. तान्ही मुले फडाजवळच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर जातात, शाळेतली आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. उसाचा फड, पेटवलेले पाचट आणि मागे-पुढे होणारे ट्रॅक्टर यांच्यामध्ये वाढणाऱ्या मुलाची सुरक्षितता कुठल्याच खात्याच्या यादीत नीट बसत नाही.

पगारी बाईचे मूल दिवसभर सांभाळण्याची गरज या जिल्ह्यांत आधी कुणाला पडली, याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडते. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये स्थापन झाल्या. त्यानंतर शिक्षिका आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई या गावोगावच्या पहिल्या पगारदार बायका ठरल्या. बदली झाली की सासर-माहेर दोन्ही दूर. परक्या गावात शाळेशेजारच्या घरातली कुणी मावशी बाळाला सांभाळी, आणि बाई मधल्या सुट्टीत येऊन दूध पाजून जात. हे नाते पुढे वर्षानुवर्षे टिके. लग्नकार्याला मावशीला पातळ असे आणि मूल मोठे झाल्यावर तिच्या पाया पडायला येई. व्यवहार होता, पण त्याचे कुणी व्यवहार म्हणून नाव घेत नसे. त्यामुळे पैसे कमी मिळत आणि विचारायचे प्रश्नही विचारले जात नसत. दुपारी घरात कोण असते, मूल पडले तर कुणाला बोलवायचे, हे मावशीला विचारणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असा समज होता. त्यातला काही भाग अजून गेलेला नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. या तीव्रतेला इतकी माणसे मरायचे कारण जमिनीपेक्षा घरांत जास्त होते. दगड आणि मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर माळवद. पाऊस झिरपू नये म्हणून माळवदावर दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवला जाई आणि वर्षागणिक छप्पर जड होत जाई. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार म्हणून नावाजलेले हे घर झोपलेल्या मुलांसाठी सगळ्यात घातक ठरले. औसा तालुक्यातल्या मंगरूळमध्ये लष्कराच्या जवानांना पाच-सहा दिवसांनी दीड वर्षाची एक मुलगी लोखंडी खाटेखाली जिवंत सापडली. खाटेने भिंतीचा भार अडवला होता.

भूकंपाने अनेक मुले अनाथ झाली, आणि त्याहून जास्त मुलांनी आई किंवा बाप गमावला. त्यांना सांभाळायचे कुणी आणि कुठे, हा प्रश्न या भागात पहिल्यांदाच उघडपणे, सार्वजनिक चर्चेत आला. उत्तरे तीन प्रकारची निघाली. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्यांची सोय पुढे वाघोलीला झाली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतले पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले, म्हणजे मुले आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत वाढली. तिसरा मार्ग लातूरमधल्या एसओएस बालग्रामाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात सुरू झालेल्या या पद्धतीत मोठ्या वसतिगृहाऐवजी छोटी घरे असतात, प्रत्येक घरात काही मुले आणि त्यांची एक आई. त्यामुळे मुले सांभाळणारी बाई, तिचे घर, तिच्यावरची देखरेख आणि तिचे प्रशिक्षण या गोष्टी लातूरकरांच्या डोळ्यांसमोर एका संस्थेच्या रूपात आल्या. घरगुती पाळणाघराचे यातल्या कशाशीही थेट नाते नाही. पण मूल नात्याबाहेरच्या बाईच्या घरात नीट वाढू शकते आणि त्यासाठी काही शिस्त लागते, हे लातूरने तेव्हा जवळून पाहिले.

पुनर्वसनाची दुसरी बाजू मात्र मुलांच्या राखणीला मारक ठरली. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद, प्लॉट मोठे, घरे रांगेत. भूकंपाच्या दृष्टीने ही रचना शहाणपणाची होती. जुन्या गल्लीत मात्र एका ओसरीवरून सहा दारे दिसत, तिथे आता दोन घरांमध्ये पन्नास पावले पडली. भावकी पांगली आणि म्हातारीची नजर अंगणापुरती उरली. अभियंत्यांच्या नकाशात भूकंपाचा विचार होता, पण कडेवरच्या लेकराचा नव्हता.

शहरांचे बदल यानंतर झपाट्याने झाले. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले, १९९७ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते-पूल बदलले. लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालयातून, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात, परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला. हेच वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पॅटर्नने शहराचे अर्थकारण बदलले. खासगी शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी, रुग्णालये यांत बायकांना कामे मिळाली आणि नवरा-बायको दोघेही बाहेर असलेली घरे वाढली. मोठ्या मुलाच्या बारावीसाठी खेड्यातून खोली घेऊन राहिलेल्या आईबरोबर धाकटे भावंडही येते, आणि ती कुठे काम धरू लागली की त्याला ठेवायला घर शोधते. याच वस्त्यांत पन्नाशीच्या पुढच्या, मुले शिकून बाहेर गेलेल्या बायका आहेत. एकीकडे रिकामे घर, दुसरीकडे ठेवायला जागा नसलेले मूल. घरगुती पाळणाघर या दोघींच्या गरजेतून उभे राहते, म्हणूनच त्याला भांडवल जवळजवळ लागत नाही.

असे घर चालते कसे, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. सकाळी साडेआठ-नऊला मुले येतात. प्रत्येकाची पिशवी वेगळी: डबा, दोन जोड कपडे, दुपटे, औषध असेल तर त्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी. जाणती बाई पिशवी उघडण्याआधी मुलाच्या अंगाला हात लावून ताप पाहते. अंग गरम लागले तर मूल आईबरोबर परत जाते, यावरून कुरबूर झाली तरी. समोरच्या खोलीत सतरंजी, आतल्या खोलीत झोपायची जागा आणि स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी. बाथरूममधली बादली रिकामी करून पालथी घातलेली असते, कारण रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. लातूरला ही खबरदारी सांगणे सोपे आणि पाळणे अवघड. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहरातल्या घराघरांत ड्रम, टाक्या, पिंपे काठोकाठ भरलेली असत, आणि पाणी सांडून द्या असे कुणी म्हणू शकत नव्हते. झाकणावर वजन ठेवणे आणि मोरीच्या दाराला वरची कडी लावणे हा मार्ग बायकांनीच काढला.

मराठवाड्याच्या घरातले धोके पुस्तकांतल्या यादीशी पूर्ण जुळत नाहीत. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा पत्र्याचा कूलर चोवीस तास चालतो. आत पाणी, बाहेर लोखंड आणि अर्थिंगचा पत्ता नाही. कूलरचा शॉक लागून मूल दगावल्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. म्हणून कूलर खिडकीबाहेर लाकडी घोडीवर ठेवणे आणि पाणी भरताना पिन काढणे, हे चांगल्या पाळणाघराचे एक लक्षण मानावे लागते. दुसरा धोका खाण्याचा. शेंगदाणा, फुटाणा, हुरड्याचे दाणे ही इथली लाडाची खाऊगिरी, आणि श्वासनलिकेत अडकून मुलांना दवाखान्यात आणणाऱ्या पदार्थांत शेंगदाणा पहिल्या क्रमांकावर असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा द्यायचा नाही, कूट करून द्यायचा, हा नियम साधा, पण शेजारची आजी प्रेमाने मुठीत दाणे कोंबते तेव्हा तो मोडतो. शहराच्या कडेच्या वस्त्यांत उघडी बोअर आणि शेततळी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कूपनलिकांसाठी सूचना दिल्या. बोअर घेताना कुंपण आणि फलक लावावा, सोडून दिलेली बोअर भरून बंद करावी. दुष्काळामागून दुष्काळात पाणी न लागलेल्या बोअरच्या संख्येपुढे ही अंमलबजावणी अपुरीच राहिली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या निसरड्या उतारावर तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

माणसांपासूनचा धोका मात्र बराच काळ बोलण्याबाहेर राहिला. २०१२ मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा आला आणि चित्र कायद्याच्या पातळीवर तरी पालटले. मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेच्या मालकाने किंवा कर्मचाऱ्याने तिथे केलेला गुन्हा या कायद्यात अधिक गंभीर धरला जातो. गुन्ह्याची माहिती किंवा शंका असूनही पोलिसांना न कळवणे हाही अपराध आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम मुलाला मारहाण, हेळसांड आणि क्रौर्य यांसाठी आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली. तिची दृश्ये राज्यभर पाहिली गेली आणि नांदेड-लातूरच्या पालकांनीही पाळणाघरवालीला कॅमेऱ्याबद्दल विचारायला सुरुवात केली. कॅमेरा उपयोगी आहे, पण तो घडून गेलेले दाखवतो. घरात दुपारी येणारा पुतण्या, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, रिक्षावाले काका, यांपैकी कोण मुलांजवळ एकटा राहू शकतो, हे आधी ठरवणे जास्त कामाचे. मूल न्यायला कोण येणार, त्यांची नावे लिहून घेणे आणि त्याबाहेरच्या माणसाकडे, तो सख्खा काका असला तरी, फोन केल्याशिवाय मूल न देणे हा नियम ज्या बाईने पाळला तिला सुरुवातीला ‘फार कडक आहेत बाई’ असे ऐकून घ्यावे लागले. पुढे त्याच कडकपणामुळे तिच्याकडे मुले येऊ लागली.

एवढे कायदे असूनही घरगुती पाळणाघर त्यांच्यामध्ये पडलेल्या फटीतच राहते. कारखान्याचा कायदा कारखान्यापुरता होता. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले, त्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान निकषही दिले. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि मदतनीस, पुरेशी जागा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. हे निकष मालकाच्या पाळणाघरासाठी आहेत. बाल न्याय कायद्यातली नोंदणी निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थांसाठी आहे, संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांसाठी नाही. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्याने फक्त सूचना द्यायची असते, तिचा मुलांच्या सुरक्षिततेशी संबंध नाही. त्यामुळे आपल्या घरात आठ मुले सांभाळणाऱ्या बाईला तपासायला कुणी येत नाही, आणि ती चांगले काम करत असेल तर तसे प्रमाणपत्रही कुणी देत नाही.

इंग्लंडमध्ये हीच फट १९४८ मध्ये बुजवली गेली. पैसे घेऊन घरात मुले सांभाळणाऱ्या बायकांनी स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी असा कायदा झाला. त्याआधी १८७२ चा कायदा होता, तो पैशांसाठी घेतलेली तान्ही बाळे उपासमारीने मेल्याची प्रकरणे उघड झाल्यावर आला. म्हणजे तिथेही नियम आधी मुले गेल्यावरच आले. मात्र केवळ परवाना लादला तर नांदेडच्या बाईला तो परवडणारा नाही. पाच मुलांमागे मिळणाऱ्या पैशांत तिला अग्निशमन दाखला, स्वतंत्र शौचालय आणि कॅमेरा हे सगळे बसवता येणार नाही. ती पाळणाघर बंद करील किंवा पाटी न लावता तसेच चालवील. नोंदणीबरोबर थोडे प्रशिक्षण, प्रथमोपचाराची पेटी आणि कधीतरी येऊन बघणारी पर्यवेक्षिका मिळाली, तर त्या बाईलाच ती हवी असेल.

सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांचा अनुभव इथे लक्षात घ्यावा लागतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका केंद्रात पंचवीस मुले, एक सेविका आणि एक मदतनीस असे गणित होते. स्वयंसेवी संस्था ती चालवत. २०१७ नंतर केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आला, उरलेला भार राज्यावर पडला, आणि देशभर हजारो पाळणाघरे बंद झाली. कोविडच्या टाळेबंदीत खासगी घरगुती पाळणाघरेही मार्च २०२० पासून बंद पडली, त्यांतली काही पुन्हा उघडलीच नाहीत. २०२२ पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आली आहे. तिच्यात काही अंगणवाड्यांना जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवायचे आहे, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांचा जुना प्रश्न निदान कागदावर घेतला गेला. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक दोन्ही जिल्ह्यांत चालतो, आणि बाल कल्याण समित्याही आहेत. घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बाईने हा क्रमांक, जवळच्या बालरोगतज्ज्ञाचा क्रमांक आणि प्रत्येक मुलाच्या दोन नातेवाइकांचे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले असावेत, ही अपेक्षा पालक आता करू लागले आहेत, आणि चांगल्या घरांत ते चिकटवलेले असतातही.